सिंधूकाठच्या माणसाचं काय?

इटालियन कवी दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त, शेवटच्या म्हणजे स्वर्गाच्या भागात, एका भारतीय माणसाचा उल्लेख येतो. त्याला नाव नाही. तो सिंधू नदीच्या काठी जन्मला आहे. तिथे ख्रिस्ताबद्दल बोलणारा कुणी नाही, वाचून दाखवणारा नाही, लिहिणाराही नाही. माणूस मात्र सज्जन आहे. मानवी बुद्धीला दिसतं तेवढं पाहिलं तर त्याच्या इच्छेत, वागण्यात, बोलण्यात कुठे पाप नाही. तो बाप्तिस्मा न घेताच मरतो. मग त्याला दोषी ठरवणारा न्याय कसला? त्याने विश्वास ठेवला नाही यात त्याची चूक काय?

दान्ते 1321 मध्ये वारला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी, फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या एका निष्ठावंत ख्रिस्ती कवीला आपल्याकडच्या एका अनोळखी माणसाची काळजी वाटत होती. काव्यात न्यायी राजांच्या आत्म्यांनी मिळून झालेला एक तेजस्वी गरुड आहे. दान्तेच्या मनात वर्षानुवर्षं सलणारा हा प्रश्न तोच बोलून दाखवतो आणि उत्तरादाखल त्याला दटावतो: वीतभर दृष्टीच्या माणसा, हजार कोसांवरचा निवाडा करणारा तू कोण? पण पाठोपाठ तो असंही सांगतो की तोंडाने सतत ख्रिस्ताचं नाव घेणारे पुष्कळजण न्यायाच्या दिवशी, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्या माणसापेक्षाही, त्याच्यापासून दूर असतील. पुढच्याच सर्गात त्या गरुडाच्या भुवईत रिफियस नावाचा ट्रॉयचा एक योद्धा चमकताना दिसतो. तो ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा, पण स्वर्गात पोचलेला. आणि दान्तेचा वाटाड्या, त्याचा गुरू, महाकवी व्हर्जिल? तो मात्र नरकाच्या उंबऱ्यावरच्या ‘लिंबो’त अडकलेला. हे त्रांगडं दान्तेने सोडवलं नाही आणि लपवलंही नाही. म्हणून मला तो मोठा वाटतो.

अंतिम न्यायाबद्दल ख्रिस्ती धर्म काय सांगतो, याची आपल्यापैकी बहुतेकांची कल्पना रस्त्यात हाती पडलेल्या एखाद्या पत्रकावरून झालेली असते: विश्वास ठेवणारे स्वर्गात, बाकीचे नरकात. हे मत ख्रिस्ती परंपरेत आहे, आणि ठामपणे आहे. पण दोन हजार वर्षांच्या वादातलं ते एक मत आहे. तो वाद पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ग्रंथालयात बसून दिलेलं उत्तर कठोर राहू शकतं. ‘बाहेरचा’ माणूस समोर येऊन बसला, त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की तेच उत्तर देणाऱ्याला जड जाऊ लागतं. असं अनेकदा आपल्याच किनाऱ्यावर आणि आपल्याच गावांत घडलं आहे.

आधी पायाभूत श्रद्धा पाहू. 381 साली पक्क्या झालेल्या श्रद्धाघोषणेत ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, असं म्हटलं आहे. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट हे सगळेच ती मानतात. पुनर्जन्म नाही, माणसाला एकच आयुष्य, मग मृत्यू, मग न्याय. पण किती जण वाचतील, कोण वाचतील, याबद्दल ती घोषणा एक अक्षर बोलत नाही.

इथे मराठी वाचकाचा हमखास एक गैरसमज होतो. पापपुण्याचा हिशेब होईल आणि पुण्य जास्त भरलं तर स्वर्ग, असं हे गणित असेल असं आपण धरून चालतो. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत नेमकं याच्या उलट सांगितलं आहे. देवापुढे स्वतःच्या पुण्याईवर उभा राहू शकेल असा एकही माणूस नाही. तारण ही देवाची कृपा आहे, आणि ती ख्रिस्ताच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून माणसाला मिळाली. त्यामुळेच सिंधूकाठच्या माणसाचा प्रश्न अधिक अवघड होतो. त्याचं चांगुलपण त्याला पुरत नाही, कारण कुणाचंच पुरत नाही. मग ती कृपा त्याच्यापर्यंत पोचते की नाही, आणि पोचत असेल तर कशी?

बायबलच्या नव्या करारात या प्रश्नाचं एकच सरळ उत्तर सापडत नाही. यरुशलेमच्या वाटेवर एकाने येशूला थेट विचारलंच होतं, की तारण होणारे थोडेच आहेत का. लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. येशूने आकडा सांगितला नाही. विचारणाऱ्यालाच अरुंद दारातून आत जायची धडपड करायला सांगितलं, आणि पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिणेकडून माणसं येऊन देवाच्या राज्यात पंगतीला बसतील, तर आपण आतलेच असं समजणारे बाहेर राहतील, असं बजावलं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सगळी राष्ट्रं सिंहासनापुढे उभी आहेत, आणि मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी निवड चालली आहे. तिथली विचारणा भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र दिलं की नाही, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला गेलात की नाही, एवढीच आहे. ज्यांनी हे केलं त्यांना आपण ख्रिस्तासाठी काही केलं याचा पत्तासुद्धा नव्हता. तो अध्याय सोडून योहानाचं शुभवर्तमान उघडलं, तर पित्याकडे जाण्याची वाट ख्रिस्ताखेरीज नाही असं स्पष्ट विधान आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर दोन्ही टोकं लागोपाठच्या ओळींत आहेत: सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, आणि देव व माणूस यांच्यामधला मध्यस्थ एकच आहे, ख्रिस्त. पुढची सगळी धर्मचर्चा या दोन ओळींच्या मधल्या जागेत झाली, असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीच्या शतकांत उत्तरं मोकळी होती. दुसऱ्या शतकातले हुतात्मा जस्टिन यांनी, विवेकाने जगलेले सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस हे एका अर्थी ख्रिस्तीच होते, असं लिहिलं. अलेक्झांड्रियाचे ओरिजेन आणि त्यांच्यानंतर निसाचे ग्रेगरी यांना वाटत होतं की नरकाची आग शुद्ध करणारी असते, आणि शेवटी सारी सृष्टी देवाकडे परत येईल. सहाव्या शतकात ओरिजेन यांच्यावर पाखंडाचा शिक्का बसला. ग्रेगरी मात्र आजही संत म्हणूनच पुजले जातात. चर्चबाहेर तारण नाही, हे गाजलेलं सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियान यांच्याकडून आलं. ते लिहिताना त्यांच्यासमोर चर्च फोडून वेगळे झालेले ख्रिस्ती होते. दूरदेशीचे अन्यधर्मीय त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. पण सूत्रं संदर्भ सोडून प्रवास करतात. पाचव्या शतकात ऑगस्टिन यांनी सगळी मानवजात आदिपापामुळे दंडपात्रच आहे, देव त्यातून काहींना निवडतो, असं मांडलं आणि पश्चिमेचा कल ठरून गेला. त्याच ऑगस्टिन यांनी आपल्या काळातल्या अनेक ख्रिस्ती माणसांना शिक्षा कायमची असेल हे पटत नाही, अशी नोंद करून ठेवली आहे. कळवळा तेव्हाही होता, फक्त तो वादात हरला.

त्या कठोरपणाची सर्वात मोठी किंमत बाळांच्या आयांनी मोजली. बाप्तिस्म्याआधी मेलेलं मूल स्वर्गात जाणार नाही असं मानलं गेल्यामुळे युरोपात अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. घाईच्या वेळी सुईणीलाही बाप्तिस्मा द्यायची मुभा होती, ती या भीतीपोटीच. धर्मपंडितांनी पुढे या बाळांसाठी वेदनारहित लिंबो कल्पिलं, तेवढाच दिलासा. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं जाहीर केलं. इतकी शतकं त्या आया मनाला काय समजावत असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने सिप्रियान यांचं सूत्र टोकाला नेलं. मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटून निघालेले असे सारे मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर अग्नीत जातील, असा ठराव झाला. सुवार्ता जगभर पोचली आहे, आता न मानणारा तो हट्टीच, असं गृहीत धरलेलं होतं. पन्नासच वर्षांनी कोलंबस अमेरिकेला पोचला, आणि जिथे ख्रिस्ताचं नावही गेलेलं नाही अशी अख्खी खंडं असल्याचं युरोपला कळलं. स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्यापीठात डोमिनिकन धर्मपंडित नव्याने विचार करू लागले: न ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, हा गुन्हा कसा?

याच सुमारास फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, 1542 मध्ये. तिथून ते 1549 मध्ये जपानला गेले. जपानी लोकांनी त्यांना जे विचारलं ते त्यांनी जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून युरोपातल्या आपल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात आहे. देव इतका दयाळू, तर इतकी शतकं जपानला त्याने काहीच का कळवलं नाही? झेवियर यांनी त्यांना सांगितलं की चांगल्या-वाइटाची जाण देवाने प्रत्येकाच्या हृदयात आधीच लिहिली आहे. हे ऐकून त्यांचं बरंचसं समाधान झालं. पण बाप्तिस्मा घेतलेल्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो आपल्या मेलेल्या आईवडिलांबद्दल, बायकामुलांबद्दल. दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना नरकातून सोडवता येईल का? झेवियर यांचं उत्तर होतं, नाही. ती माणसं रडली. आणि झेवियर लिहितात की ज्यावर काही इलाज नाही अशा गोष्टीसाठी आपले जिवलग रडताना पाहून त्यांनाही दुःख होतं. पितरांना पाणी देणाऱ्या समाजाला हे रडणं समजावून सांगावं लागत नाही. झेवियर यांचं शरीर जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे आणि दर्शनाला ख्रिस्ती नसलेली माणसंही तितक्याच भावाने येतात.

पोर्तुगीज केरळात पोचले तेव्हा तिथे शेकडो वर्षांपासून नांदणारे संत थोमाचे ख्रिस्ती त्यांना भेटले. त्यांचे बिशप येत ते पूर्वेकडच्या सिरियाक चर्चमधून. या ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तीत आणण्यासाठी गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी जून 1599 मध्ये कोचीनजवळच्या उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथे काही चुकीच्या समजुतींचा निषेध झाला. अन्यधर्मीयांच्या सहवासात राहून हे लोक तीन गोष्टी शिकले आहेत, असा ठपका होता: पुनर्जन्म, नशीब, आणि तिसरी म्हणजे प्रत्येकाला आपापल्या धर्मात राहून तारण मिळू शकतं ही समजूत. धर्मसभेने ती साफ खोटी ठरवली. माझ्या दृष्टीने हा ठराव अनमोल पुरावा आहे. पिढ्यानपिढ्या नायर शेजाऱ्यांच्या लग्नकार्यांत आणि अंत्यविधींत वावरलेल्या ख्रिस्ती माणसाला तो शेजारी कायमचा आगीत जाईल हे पटत नव्हतं, याची नोंद त्याला दोषी ठरवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

प्रोटेस्टंट सुधारणेने श्रद्धेवर भर दिला आणि दार आणखी अरुंद केलं, असं सर्वसाधारणपणे म्हणता येतं. पण झुरिकचे त्स्विंगली यांनी 1531 मध्ये फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या श्रद्धाविवरणात, स्वर्गात सॉक्रेटिस आणि हर्क्युलिस भेटतील असं आश्वासन दिलं, आणि ल्यूथर त्यावर भयंकर संतापले. कॅल्विन यांच्या मते कोण तारला जाणार आणि कोण नाही हे देवाने अनादि काळापासून ठरवलेलं आहे. 1618-19 च्या डॉर्टच्या सभेने याच विचारावर शिक्कामोर्तब केलं. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात त्यावर कडाडून हल्ला केला: असा देव प्रेमळ म्हणवला जाऊच शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना, सुवार्ता न ऐकता मरणारा प्रत्येक माणूस कायमचा हरवतो, या धास्तीनेच बोटीवर चढवलं होतं. अमेरिकन मिशनच्या पालकसंस्थेत 1880 च्या दशकात यावरूनच वादळ उठलं. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर धर्मविद्यालयातल्या प्राध्यापकांनी, ज्यांना या जन्मी ऐकायला मिळालं नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळेल, असं मांडलं. विरोधकांचा सवाल होता, मग मिशनरी जातील कशाला आणि देणगीदार पैसे देतील कशाला? या वादात सापडले अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम. जन्म मुंबईचा, काम नगरचं. सुट्टीवर अमेरिकेत असताना ते या मताबद्दल आपुलकीने बोलले आणि त्यांना भारतात परत पाठवायला संस्थेने आढेवेढे घेतले. शेवटी त्यांना परवानगी मिळाली. परत येऊन त्यांनी नगरला आणखी जवळपास चार दशकं काम केलं.

याच नगरच्या वर्तुळात 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक वावरले. बाप्तिस्म्याने त्यांच्या घरात काय उलथापालथ झाली हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला तपशिलाने ठाऊक आहे. टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल मात्र कमी बोललं जातं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने बसावेत, अशी ती कल्पना होती. टिळक 1919 मध्ये गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण आत कोण आणि बाहेर कोण, ही रेघ एका मराठी कवीने स्वतः पुसून पाहिली होती, हे विसरू नये.

विसाव्या शतकात कॅथॉलिक चर्चची भूमिका झपाट्याने हलली. बॉस्टनचे जेझुइट फादर लेनर्ड फीनी फ्लॉरेन्सच्या ठरावाला शब्दशः चिकटून राहिले. कॅथॉलिक नसलेला कुणीही वाचणार नाही, असं ते शिकवत. 1949 मध्ये रोमने पत्र पाठवून हा अर्थ चुकीचा असल्याचं कळवलं. ते ऐकेनात, रोमला हजर होईनात, तेव्हा 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद. 21 नोव्हेंबर 1964 रोजी चर्चविषयीचा दस्तऐवज 2151 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा पाळायचा प्रयत्न करतात, त्यांनाही कृपेने तारण मिळू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. सिंधूकाठच्या माणसाला रोमकडून मिळालेलं हे उत्तर.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत चर्चेचं केंद्र मुंबईत आलं. नोव्हेंबरच्या शेवटी इथे भरलेल्या परिसंवादात कॅथॉलिक धर्मपंडित हान्स क्यूंग यांनी एक धाडसी मांडणी केली: जगातल्या बहुसंख्यांसाठी त्यांचा धर्म हाच तारणाचा सर्वसाधारण मार्ग आहे, आणि चर्च हा असाधारण मार्ग. डिसेंबरमध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय परमप्रसाद परिषदेला आले, आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. त्याच काळात आणखी एक कॅथॉलिक धर्मपंडित कार्ल राहनर यांनी, ख्रिस्ताचं नाव न घेताही त्याच्या कृपेला होकार देणारा माणूस हा ‘अनाम ख्रिस्ती’ असतो, अशी मांडणी केली. हेतू उदार होता. तरी एखाद्या वारकऱ्याला, तू नकळत ख्रिस्ती आहेस असं सांगणं त्याच्या भक्तीचा मान राखत नाही, असं मला वाटतं. क्यूंग यांनाही ही कल्पना पटली नव्हती.

सगळे या वाटेने आले नाहीत. 1974 च्या लोझान करारात इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांनी ख्रिस्ताखेरीज तारण नाही, सगळे धर्म सारखेच ही भूमिका अमान्य आहे, असं पुन्हा ठासून सांगितलं. त्या कराराचे मुख्य शिल्पकार जॉन स्टॉट. पण त्यांनीच 1988 मध्ये सांगितलं की दुष्टांची शिक्षा ही कधीच न संपणारी यातना नसून अखेरचा विनाश असेल, असं मानायला बायबलमध्ये आधार आहे. न संपणारी यातना त्यांना भावनिकदृष्ट्या असह्य वाटत होती, हेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं.

पूर्वेकडच्या परंपरेत ओरिजेन यांच्या कळवळ्याचा झरा आटला नव्हता. सातव्या शतकात, आजच्या कतारच्या परिसरात जन्मलेले निनवेचे बिशप इसहाक हे केरळच्या ख्रिस्ती लोकांना बिशप पुरवणाऱ्या त्याच सिरियाक चर्चचे. त्यांच्या मते नरकातली वेदना ही प्रेमाविरुद्ध वागल्याची वेदना आहे. त्यांच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग 1983 मध्ये सेबॅस्टियन ब्रॉक यांना ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सापडला. देवाची दया शेवटी नरकालाही पुरून उरेल, अशी इसहाक यांची धारणा त्यात स्वच्छ दिसते.

सगळ्यांचं तारण होणारच, असं आज कोणतंही मोठं चर्च शिकवत नाही, कारण माणसाला नकार देण्याचं स्वातंत्र्य आहे. स्विस धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी 1986 मध्ये एवढंच म्हटलं की सगळ्यांसाठी आशा धरण्याचा हक्क आपल्याला आहे, किंबहुना ते कर्तव्य आहे. त्यावरूनही त्यांना बोल ऐकावे लागले. मला त्यांची बाजू पटते. कॅथॉलिक चर्चने आजवर हजारो माणसं नावानिशी स्वर्गात असल्याचं जाहीर केलं आहे. अमुक एक माणूस नरकात आहे, असं मात्र त्याने कुणाचंही नाव घेऊन अधिकृतपणे सांगितलेलं नाही, येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचंही नाही.